मदत हवी आहे: शरीरातल्या अणूंचा अंदाज, दोन रीतींचं उत्तर इतकं जवळ कसं?

पुतणी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 'माणसाच्या शरीरात किती अणू?' असा तक्ता करायला घेतलाय. मोल (कण मोजायचा ठरलेला गठ्ठा) आणि ॲव्होगॅड्रो अंक (एका मोलात किती कण, म्हणजे ६.०२२ × १०^२३) वर्गात शिकवून झालेत, त्यामुळे आकडेमोड तिची तीच करते. मी पडलो कॉमर्सवाला, म्हणून इथे विचारतोय.

आधी सोपी रीत. ६० किलोचा माणूस म्हणजे नुसतं पाणी समजायचं. ६०,००० ग्रॅम भागिले १८ (एक मोल पाण्याचं वजन ग्रॅममध्ये), म्हणजे ३,३३३ मोल रेणू. दर रेणूत तीन अणू, म्हणजे १०,००० मोल अणू. त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की ६.०२ × १०^२७.

मग मूलद्रव्यं वेगवेगळी धरून. वजनात ऑक्सिजन ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ३, कॅल्शियम दीड, फॉस्फरस १. ज्याच्या त्याच्या अणुवस्तुमानाने भागल्यावर ऑक्सिजन २,४३८ मोल, कार्बन ९००, हायड्रोजन ६,०००, नायट्रोजन १२९ आणि कॅल्शियम-फॉस्फरस मिळून चाळीसेक. बेरीज ९,५०० च्या आसपास, उत्तर ५.७ × १०^२७. (वजनात जेमतेम दहा टक्के असलेला हायड्रोजन मोजणीत ६३ टक्के निघतो, हे आम्हा दोघांनाही भारी वाटलं.)

अडलंय ते इथे: शरीरात पाणी साधारण ६० टक्केच ना? बाकी हाडं, चरबी, स्नायू. तरी सगळं पाणी धरून फरक पाचच टक्क्यांचा कसा? परीक्षकांनी विचारलं तर काय सांगावं? आणि तक्त्यावर कुठला आकडा लिहावा?

प्रतिसाद १:
रेणू बाजूला ठेवा आणि एका अणूमागे सरासरी वस्तुमान किती पडतं ते बघा. पाण्यात १८ भागिले ३, म्हणजे ६. चरबीत हायड्रोजनची रेलचेल, म्हणून तिथे पाचच्या थोडं वर. म्हणजे किलोभर चरबीत किलोभर पाण्यापेक्षा अणू जास्त! प्रथिनांत सुमारे ७. हाडांतल्या खनिजात मात्र जवळजवळ २३, पण एकूण वजनात त्याचा वाटा थोडा. चरबी सरासरी खाली ओढते, प्रथिनं आणि हाडं वर. तुमच्याच आकड्यांतून ६०,००० भागिले ९,५०० करा, ६.३ येतं. पाण्याला चिकटूनच. अर्धं कारण, अर्धा योगायोग असं परीक्षकांना बिनधास्त सांगू दे.

प्रतिसाद २:
तक्त्यावर ६ × १०^२७ लिहा, दशांश चिन्ह नकोच. टक्केवारी माणसागणिक बदलते, मग ५.७ की ६.०२ यावर भांडण्यात अर्थ नाही. वाचायला 'सहा अब्ज अब्ज अब्ज'. शिवाय किलोमागे ढोबळ १०^२६ अणू पडतात. शेजारी वजनकाटा ठेवा, बघायला येणारी पोरं आपापला आकडा काढतील.

धागाकर्ता:
वजनकाटा ठरला! आता ती विचारतेय, रक्तातलं लोह धरलंच नाही, ते चालेल का?

प्रतिसाद १:
चालेल. मोठ्या माणसात लोह सगळं मिळून ४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.०७ मोल. दहा हजार मोलांत ते दिसणारही नाही. पण अणू मोजले तर तेही ४ × १०^२२ भरतात. तक्त्याच्या कोपऱ्यात तेवढं लिहायला सांगा.