तळघराचा लाकडी सांगाडा : आधी ओल तपासावी

तळघरात खोल्या करताना काँक्रीटच्या भिंतींना थेट लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे तयार तक्ते) चढवण्याचा जो मार्ग सुचवला जातो, तो अमेरिकेतील बेसमेंटसाठी मला धोक्याचा वाटतो, कारण बाहेरच्या मातीतील ओल काँक्रीटमधून आत येत राहते आणि उन्हाळ्यातील दमट हवेतले बाष्पही थंड भिंतीवर साचते. दोन फूट चौरस प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून जमिनीवर आणि भिंतीवरही एक-दोन दिवस ठेवावे; खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर करवतीला हात लावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करावा. भिंत कोरडी निघाली तरी तिला फोमचे तक्ते चिकटवून, सांधे टेपने बंद करून, त्यापुढे टू-बाय-फोरचा (नावापुरत्या दोन बाय चार इंची लाकडी दांड्यांचा) स्वतंत्र सांगाडा उभारणे श्रेयस्कर. उभे दांडे एकमेकांपासून, मध्य ते मध्य, 16 इंचांवर घ्यावेत. काँक्रीटवर टेकणारी खालची पट्टी मात्र प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाखाली रसायन मुरवलेल्या) लाकडाचीच हवी, आणि त्यातील तांब्याची संयुगे साध्या खिळ्यांना लवकर गंजवतात, म्हणून खिळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून जाड थर दिलेले) घ्यावेत. चकचकीत मुलामा दिलेले स्वस्त खिळे दिसायला छान असतात, पण ते इथे नकोत. तळघरात झोपण्याची खोली करणार असाल, तर बाहेर पडण्याजोग्या खिडकीबाबतचा स्थानिक नियम सांगाडा आखण्यापूर्वीच पाहावा, कारण त्यासाठी बहुधा काँक्रीट कापावे लागते.