मदत हवी आहे: शाळेत मुलींच्या दप्तरांची झडती घेतली, फोनमधले मेसेज वाचले. पालकांनी काय करावं?

नमस्कार. आम्ही नवी मुंबईत राहतो. मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीला आहे, वय तेरा. गेल्या आठवड्यात सहलीसाठी गोळा केलेले पैसे बाईंच्या टेबलावरून गेले. मधल्या सुट्टीत मुली वर्गातच डबा खात होत्या, म्हणून संशय सगळ्या मुलींवर. त्यांना उभं करून दप्तरं बाकावर रिकामी करायला लावली. लेकीच्या दप्तरात मी शिवून दिलेली छोटी कापडी पिशवी असते, तिच्यात ती पॅड ठेवते. बाईंनी ती पिशवी अख्ख्या वर्गासमोर, मुलांच्या देखत उलटी केली. मावशींनी युनिफॉर्मचे खिसे चाचपले.

मग फोन निघाला. फोन शाळेत आणायचा नाही हा नियम मला मान्य आहे, जप्त केला त्याबद्दल तक्रार नाही. माझा जीव जळतोय तो पुढच्या गोष्टीने. बाईंनी तिला पॅटर्न काढायला लावला, व्हॉट्सॲप उघडलं आणि माझ्याशी झालेलं तिचं बोलणं वाचलं. पाळीच्या त्रासासाठी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो, ते सगळं त्यात होतं. एका मैत्रिणीच्या घरातली भांडणं होती. चोरीशी या गप्पांचा काय संबंध?

मुख्याध्यापिकांना भेटले. त्या म्हणाल्या, शिस्तीसाठी शाळेला तपासणीचा अधिकार आहे, प्रवेशाच्या वेळी नियमावलीवर तुमची सही आहे. सही आहे, पण त्या कागदावर झडतीचा किंवा फोनमधल्या मजकुराचा उल्लेख कुठेही नाही. पैसे सापडले की नाही तेही कोणी सांगत नाही.

मुलगी शाळेत जाते, पण दप्तरात पॅड न्यायला तयार नाही. "परत उघडतील" एवढंच म्हणते. २०२५ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या एका शाळेत पाळी तपासण्यासाठी मुलींचे कपडे उतरवले होते, तेव्हापासून मनात धास्ती आहेच. इथे तसं काही झालेलं नाही, हे स्पष्ट लिहिते.

शाळेला असा अधिकार खरंच असतो का? आणि तक्रार करायची तर कुठे, कशी, की पोरीला दहावीपर्यंत त्याचा त्रास होणार नाही? यजमान म्हणतात सोडून दे. मला सोडायचं नाही.

प्रतिसाद (ठाण्यातील वकील)

ताई, सोडू नका. शिक्षकांनी दप्तर कधी आणि कसं तपासावं, यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. त्यामुळे "शाळेला अधिकार आहे" हे वाक्य बिनधास्त फेकलं जातं. पण २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन आणायचं तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. तुमची शाळा महापालिकेची, म्हणजे घटनेच्या १२ व्या कलमाखाली ती 'राज्य'च आहे. मूलभूत हक्क तिच्यावर थेट लागू होतात. हरवलेल्या नोटा शोधायला दप्तर बघितलं, हे एकवेळ समजू शकतं. मेसेज वाचणं त्या हेतूत बसवणं फार अवघड आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ वाचा. शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही तिथे निषिद्ध आहे. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तुमच्या सांगण्यावरून पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, विषय मला दिसत नाही, पण खिसे चाचपताना नेमकं काय झालं ते लेकीला शांतपणे, तिच्या कलाने एकदा विचारा.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका)

मी कळव्यात बरीच वर्षं शिकवलं. वर्गात पैसे जाणं नवीन नाही. आम्ही वर्गाबाहेर एक बंद खोकं ठेवायचो आणि प्रत्येकाला एकेकटं तिथून जायला सांगायचो. पैसे पुष्कळदा परत यायचे, आणि कोणाचं नाव कायमचं चोर म्हणून पडायचं नाही. तपासायचंच झालं तर कार्यालयात, दोन शिक्षिका समोर ठेवून, आणि पालकांना फोन करून.

ताई, आधी एक काम करा. वर्गात किंवा व्हरांड्यात सीसीटीव्ही असेल तर "त्या दिवसाचं चित्रीकरण जपून ठेवावं" असा अर्ज आजच द्या. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, नंतर मागून मिळत नाही. अर्ज मुख्याध्यापिकांच्या नावे, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. तोंडी काही नको.

दुसरं म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानेच तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात. विषय तिथे लेखी मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. चार पालक एकत्र आले तर एकट्या मुलीकडे बोट दाखवता येत नाही. तुमची खरी भीती तीच आहे ना?

प्रतिसाद (ऐरोलीकर)

अमेरिकेचा कायदा इथे लागू नाही, पण तिथला विचार अर्जात कामी येईल. १९८५ च्या टी.एल.ओ. खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेला रास्त संशयावर झडती घ्यायची मुभा दिली. मात्र झडती कारणाच्या मानाने अति नसावी, ही अट घातली. २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या तेरा वर्षांच्या मुलीचा खटला आला. वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तिची अंतर्वस्त्रांपर्यंत झडती घेतली होती. न्यायालय म्हणालं, दप्तर बघितलं इथवर ठीक, त्यापुढचं घटनाबाह्य. तुमच्या शाळेलाही हेच विचारा: संशय नेमका कोणावर होता आणि कशावरून?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील साहेब, लेकीशी बोलले. मावशींनी फक्त खिसे बघितले, पण तेही सगळ्यांसमोर. बाई, सीसीटीव्हीचा अर्ज आज दिला. क्लार्क पोच द्यायला तयार नव्हते, थांबून घेतली. व्हरांड्यात कॅमेरा आहे, वर्गात नाही.

आणखी दोन मुलींच्या आया सही करायला तयार आहेत. तिसरी घाबरते आहे, तिच्याच घरातल्या भांडणांचे मेसेज वाचले गेले. तक्रारीत मुलींची नावं न घालता "इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी" एवढंच लिहिलं तर पालिका ती निनावी म्हणून बाजूला ठेवेल का? सह्या आम्हा पालकांच्या खऱ्या नावानिशी असतील. मसुदा उद्या रात्री इथे टाकते, कृपया बघून द्या.