दोनशे युनिटची राख कुणाच्या अंगणात? एफजीडीची सवलत आणि कोळशाची वीज

वैनगंगा

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातल्या बहुतेक कोळसा वीज केंद्रांवरची एफजीडीची सक्ती उठवली. एफजीडी म्हणजे चिमणीतून धूर बाहेर पडण्याआधी त्यातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा. याच मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सल्फरची मर्यादा घालून केंद्रांना दोन वर्षं दिली होती. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, मग केंद्रांचे अ, ब, क असे गट, आणि दहाव्या वर्षी 'क' गटाला चिमणीच्या उंचीची अट घालून मोकळं सोडलं. देशातले तीन चतुर्थांशाहून जास्त वीजनिर्मिती संच (युनिटं) याच गटात आहेत.

दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहराजवळचं केंद्र 'अ' गटात. त्यांना २०२७ अखेरपर्यंत मुदत आहे. अतिप्रदूषित पट्ट्याजवळचं किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहराजवळचं केंद्र 'ब' गटात. अतिप्रदूषित पट्टे आणि निकष न पाळणारी शहरं, या दोन्ही याद्यांत चंद्रपूर आहे. म्हणजे तिथल्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राचं काय करायचं ते तज्ज्ञ समिती ठरवणार.

मी सवलतीच्या विरोधात आहे. का, ते घरच्या बिलावरून सांगते. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर घ्या आणि सगळी वीज कोळशाची धरा. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे १३० किलो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ३५ धरली तर ४५ किलो राख. गंधक अर्धा टक्का धरलं तर सव्वा किलोच्या वर सल्फर डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड १८० किलोच्या पुढे. नियमाने एका युनिटला साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येतं, म्हणजे ७०० लिटरपर्यंत पाणी. हे एका घराचं, एका महिन्याचं. बिलावर स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असतं. राख, पाणी आणि छातीतला कफ यांचा रकाना नाही. तो हिशेब दुर्गापूर (चंद्रपूर), कोराडी, खापरखेडा, परळी, दीपनगर इथे चुकता होतो, आणि आता छत्तीसगडमध्येही. महाजनकोला, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळालेल्या गारे पेलमा सेक्टर दोनच्या कोळसा खाणीसाठी तिथल्या रायगढ जिल्ह्यातली चौदा गावं बाधित होणार आहेत.

वीज नको असं मी म्हणत नाही. जी हानी रोखण्याचं यंत्र बाजारात मिळतं, ती रोखायला खर्च येतो म्हणून लोकांच्या फुफ्फुसावर ढकलू नये, इतकंच म्हणते.

बॉयलरपाळी

वैनगंगा, मी औष्णिक केंद्रात बरीच वर्षं पाळ्या केल्या आहेत. तुमचा हिशेब बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

एफजीडीचा नियम आपण युरोप-अमेरिकेकडे बघून केला. तिथल्या बऱ्याच कोळशात गंधक आपल्या कित्येक पट. आपला शत्रू गंधक नाही, राख आहे. एफजीडीला मेगावॅटमागे कोटीच्या वर खर्च येतो. वर ती यंत्रणा चालवायला केंद्राचीच एक-दोन टक्के वीज जाते, म्हणजे तेवढीच वीज ग्राहकाला द्यायला आणखी कोळसा जाळा. धूर धुवायला चुनखडी लागते. ती कुठून तरी खणायची, वॅगनने आणायची, आणि सल्फरशी तिची प्रक्रिया होताना कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. युनिटमागे २५ ते ३० पैसे वाढतील असं तेव्हा सांगितलं जात होतं. हे पैसे कारखानदाराच्या खिशातून जात नाहीत, नियामक आयोगापुढे जाऊन तुमच्या-माझ्या बिलात येतात.

आता राखेचं सांगतो. बॉयलरमधून निघालेला धूर ईएसपीमधून जातो. आत उभ्या प्लेटांच्या रांगा, त्यांच्यामध्ये उच्च दाबाच्या तारा. राखेचा कण विद्युतभारित होऊन प्लेटला चिकटतो. ठरावीक वेळाने हातोडे प्लेटांवर आपटतात, राख खाली हॉपरमध्ये पडते. यंत्रणा धडधाकट असेल तर ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडते. पण एकामागोमाग असलेल्या फील्डपैकी, म्हणजे प्लेटांच्या विभागांपैकी, दोन बसली, हॉपर तुंबला, की चिमणीचा धूर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही काळपट दिसतो. अशा वेळी लोड, म्हणजे युनिटची वीजनिर्मिती, उतरवून दुरुस्ती करायला हवी. संध्याकाळी मागणी चढलेली असताना वरून फोन येतो तो लोड वाढवा म्हणून. एफजीडीवर घालायचे पैसे ईएसपीच्या नूतनीकरणावर, कोरडी राख साठवायच्या सायलोंवर आणि राखेच्या तळ्यांवर घाला. दुर्गापूरच्या माणसाला त्याचा फरक आठवड्यात जाणवेल.

सिंदफणाकाठ

मी बीड जिल्ह्यातला शेतकरी. तुमच्या दोघांच्या मधे बोलतो.

लोडशेडिंगचे दिवस तुम्हाला किती आठवतात ते माहीत नाही. २००५ ते २०१२ च्या काळात आमच्याकडे बारा-बारा तास लाईट नसायची. आली तर रात्री. कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायचं, पायाखाली काय येईल याचा नेम नाही. रात्रीच्या पाळीला गेलेली माणसं साप चावून गेलेली आहेत. पुढे लाईट सुधारली ती तिरोडा, कोराडी, चंद्रपूरची नवी युनिटं सुरू झाल्यावर. त्यामुळे कोळशाला सरसकट शिव्या घालणारं मला पटत नाही.

पण परळीचं केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद पडलं. जिथे प्यायला टँकर येतो तिथे पाण्याची वाफ करून वीज काढायची, ही जागाच कुणी आणि का निवडली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. पंचवीस-तीस पैशांचं म्हणाल तर शेतीपंपाला सवलत आहे, मला ते लागणार नाहीत. घरच्या मीटरला लागतील. देईन. फक्त ते पैसे खरंच धूर धुवायला गेले हे दिसलं पाहिजे.

घोलवडकर

डहाणूचं उदाहरण कसं कुणी काढलं नाही? इथे ५०० मेगावॅटचं केंद्र नव्वदच्या दशकात आलं, चिकूच्या वाड्यांच्या मधोमध. लोक कोर्टात गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणाने एफजीडीचा आग्रह सोडला नाही आणि अखेर ती बसली. केंद्र बंद पडलं का? नाही. बरीच वर्षं ते देशातल्या चांगल्या चालणाऱ्या केंद्रांत गणलं गेलं. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) केंद्रात तर त्याच्याही आधी सल्फर धुण्याची सोय होती. देशभर कायदा व्हायच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे झालेलं आहे. विदर्भात का होत नाही, याचं उत्तर कुणीतरी द्या.

बॉयलरपाळी

उत्तर सोपं आहे, समुद्र. डहाणू आणि तुर्भे दोन्ही ठिकाणी समुद्राच्या पाण्याने धूर धुतात. खारं पाणी मुळात अल्कधर्मी, ते सल्फर शोषून घेतं. चुनखडी नको, उरलेल्या जिप्समचा डोंगर नको. चंद्रपूरला इरई धरण आहे, त्याच पाण्यावर शहरही जगतं. तिथे ओली एफजीडी म्हणजे आणखी पाणी.

आणि ५०० मेगावॅटच्या युनिटला २७५ मीटर उंच चिमणी सक्तीची असते. त्या उंचीवरून सल्फर पसरून विरळ होतो, गावात उतरत नाही. चंद्रपूरच्या हवेतला खरा त्रास धुळीचा आहे, आणि त्यात खाणी, कोळशाची वाहतूक, सिमेंट कारखाने, सगळ्यांचा वाटा आहे.

वैनगंगा

उंच चिमणीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. सल्फर डायऑक्साइड विरळ होऊन नाहीसा होत नाही. हवेत त्याचं सल्फेट बनतं, आणि सल्फेट हा अडीच मायक्रॉनहून बारीक कणच आहे. तो शेकडो किलोमीटर जातो, फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतो. म्हणजे तुम्ही ज्याला धूळ म्हणता त्यातली एक जात चिमणीच्या बाहेर पडल्यावर तयार होते, आणि ती ईएसपीला पकडता येतच नाही, कारण ईएसपीतून जाताना ती वायू असते. जवळच्या गावाचं ओझं लांबच्या गावावर टाकणं म्हणजे उपाय नव्हे.

'गंधक कमी' हेही टक्क्यांत कमी आहे. चंद्रपूरचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट. माझ्याच दराने ४५ हजार टन कोळसा, आणि एका टनाला दहा किलो धरून साडेचारशे टन सल्फर डायऑक्साइड. रोज. पूर्ण क्षमतेने ते रोज चालत नाही, तरी निम्मं धरा. कमी गंधकाचा कोळसा इतका जाळला की कमी उरत नाही.

पाण्याचं तुमचं म्हणणं मात्र वजनदार आहे. पण नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला वापरतात. चंद्रपूर शहराच्या सांडपाण्याचं तसं का होऊ नये?

राखाडी शिवार

तुमच्या चर्चेत टक्के फार आहेत, म्हणून आमच्याकडचं सांगतो. एका केंद्राच्या राखेच्या तळ्याखाली आमचं शेत आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, विदर्भात आहे एवढं पुरे.

राख पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात सोडतात. पावसाळ्यात ठीक. मार्चनंतर तळ्याचा वरचा थर वाळतो, दुपारी वारा सुटला की पांढरी भिंत उठते. कापूस वेचणीच्या शेवटच्या फेरीला बोंडावर राख असते, व्यापारी हात लावून बघतो आणि भाव पाडतो. मिरचीच्या पानावर थर बसला की झाड वाढतच नाही. गुरं चाऱ्याला तोंड लावत नाहीत, चारा झटकून, धुऊन टाकावा लागतो. विहिरीच्या पाण्याची चव बदलली, पण तपासणीचा कागद आम्हाला कुणी दाखवला नाही.

जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा तळ्याचा बंधारा फुटला. राख शेतांत गेली, कोलार नदीत गेली. ते सगळ्या पेपरांत आलं. आमच्याकडे बंधारा फुटत नाही, तो रोज थोडाथोडा उडतो. त्याची बातमी होत नाही.

अनिकेत_ठाणे

राखाडी शिवार यांचा प्रतिसाद वाचून मी लिहिलेलं अर्धं खोडलं. तरी एक मुद्दा मांडतोच. एफजीडी बसवली तरी कार्बन डायऑक्साइड एक ग्रॅमनेही कमी होत नाही, आणि नवं यंत्र बसवलं की 'आता खर्च केलाय, पंधरा वर्षं चालवू' हे आलंच. त्यापेक्षा जुनी २१० मेगावॅटची युनिटं आधी बंद करा. चंद्रपूरचं तीन आणि चार नंबरचं युनिट १९८५-८६ मधलं आहे. त्यांना एफजीडी लावणं म्हणजे पैसे वाया.

दुपारी सौर वीज स्वस्त आहे. अडचण संध्याकाळी सातची. कोयना १,९६० मेगावॅटची आहे, पण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिला हवी तितकी पळवता येत नाही. घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या, पैसा तिथे गेला पाहिजे. कोराडीत ६६० मेगावॅटची आणखी दोन युनिटं टाकायचं चाललंय, मे २०२३ मध्ये त्याची जनसुनावणीही झाली. ती युनिटं चाळीस वर्षं गळ्यात राहतील.

सिंदफणाकाठ

अनिकेत, सौर कृषी वाहिनीचा फीडर आमच्या शेजारच्या गावाला आला आहे. त्यांना दिवसा लाईट मिळते, रात्रीचं जाणं बंद झालं. कोळशाने जे वीस वर्षांत जमलं नाही ते झालं, हे मान्य. पण सलग ढगाळ आठवडा येतो तेव्हा काय, याचं उत्तर बॅटरीवाल्यांनी आधी द्यावं आणि मग कोळसा बंद करायला सांगावं. आम्ही एकदा अंधार बघितला आहे.

बॉयलरपाळी

जुनी २१० ची युनिटं बंद करा, याला माझी हरकत नाही. त्यांची कार्यक्षमता कमी, कोळसा जास्त खातात. पण सौर वीज वाढली तशी कोळशाची युनिटं दुपारी खाली उतरवावी लागतात आणि संध्याकाळी पुन्हा चढवावी लागतात. हे रोजचं चढउतार बॉयलरच्या नळ्यांना मानवत नाही. नळी फुटली की युनिट दोन-तीन दिवस बंद. पुढची दहा-पंधरा वर्षं हीच यंत्रं संध्याकाळ सांभाळणार आहेत. त्यांना शत्रू समजून चालणार नाही, दुरुस्तीला पैसे द्यावे लागतील.

राखाडी शिवार, तुमच्या तळ्यावर पाण्याचे फवारे उन्हाळाभर चालले पाहिजेत, वाळलेल्या भागावर मातीचा थर टाकला पाहिजे. हे साधं काम आहे, नवं तंत्रज्ञान लागत नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपयांची भरपाई आहे. सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कोरडी राख हॉपरमधून थेट बल्करमध्ये, म्हणजे राख नेणाऱ्या टँकरमध्ये गेली तर तळ्यात जायचं कारणच नाही. पण बल्कर झाकलेला असतो की नाही ते रस्त्यावरच्या गावाने बघायचं.

वैनगंगा

चंद्रपूरचा निर्णय समितीकडे आहे, म्हणून मी निवेदन लिहायला घेतलं आहे. त्यातले मुद्दे असे: २०३५ नंतरही चालणार असलेल्या ५०० मेगावॅटच्या युनिटांना एफजीडी, तीही शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. २१० च्या दोन्ही युनिटांच्या बंदीची तारीख जाहीर. ईएसपीचं फील्ड बंद असेल तर लोड उतरवायची सक्ती, आणि चिमणीवरच्या मापकाचे आकडे गेटबाहेरच्या फलकावर, चालू वेळेचे. ज्यांना सही करायची त्यांनी कळवा.

राखाडी शिवार

तळ्याखालच्या विहिरी घाला. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा तपासणी, आर्सेनिक आणि पारा दोन्हींची. अहवाल ग्रामपंचायतीत लागला पाहिजे, मराठीत. हे घातलं तर आमच्या गावातून सह्या आणतो.

बॉयलरपाळी

ईएसपी, फलक, विहिरी आणि २१० ची बंदी, या चारींवर माझी सही घ्या. एफजीडीचा मुद्दा काढलात तर माझे तीन-चार जुने सहकारीही येतील.

वैनगंगा

विहिरींचा मुद्दा घातला. एफजीडीचा काढणार नाही. तुमची हरकत निवेदनात तुमच्याच शब्दांत वेगळी जोडते, खर्चाच्या आणि पाण्याच्या हिशेबासकट. समितीने दोन्ही वाचावं. मसुदा रविवारी इथेच टाकते.