एव्हबरीतली घरं पाडायची म्हणता? त्या भिंतीत काय आहे ते आधी बघा

दगडफूल

परवा इथे एकांनी एव्हबरीच्या सहलीबद्दल लिहिलं. थोडक्यात तक्रार अशी : जगातलं सगळ्यात मोठं शिलावर्तुळ बघायला विल्टशरला गेलो, तर मधून डांबरी रस्ता, मध्येच पब, दगडांना अंग घासणाऱ्या मेंढ्या आणि कुणाच्या तरी परसात वाळत घातलेल्या चादरी. सरकारने ही वस्ती उठवून स्टोनहेंजसारखी जागा मोकळी करावी. खाली भराभर 'सहमत', 'सहमत'. मला ते इतकं लागलं की तिथे दोन ओळींत उत्तर देववेना. म्हणून वेगळा धागा.

मी अकरा वर्षं स्विंडनला राहते. एव्हबरी बसने अर्ध्या तासावर, कितीदा गेले त्याची मोजदाद नाही. तो रस्ता मलाही खटकतो, त्याबद्दल वाद नाही. पण घरं? त्या घरांच्या भिंती एकदा जवळ जाऊन बघा. राखाडी सार्सनचे (वर्तुळातले दगड ज्या कठीण वालुकाश्माचे आहेत त्याचे) तासलेले चौकोनी ठोकळे, कोपऱ्यांना वीट. एका भिंतीत माझ्या कमरेच्या उंचीवर एक तुकडा आहे, एका बाजूने लालसर. आगीत भाजल्याची खूण. वर्तुळातला दगड फोडून बांधलेलं घर आहे ते. वर्तुळाच्या आत सतराव्या शतकातलं छोटं चॅपल आहे, तेही फोडलेल्या दगडांचंच. म्हणजे घर पाडाल तेव्हा त्या वर्तुळाचेच उरलेसुरले तुकडे ढिगाऱ्यात टाकाल.

आणि गावचं चर्च? सेंट जेम्स वर्तुळाभोवतीच्या मातीच्या तटाच्या बाहेर आहे म्हणून ते वाचणार का? त्याच्या भिंतीत वर सॅक्सन काळातल्या गोल खिडक्या आहेत, हजार वर्षांच्या. आत नॉर्मन बाप्तिस्मा-कुंड, त्यावर हातात काठी घेतलेला बिशप आणि सापासारखे दोन प्राणी कोरलेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं तेवढं जुनं आणि हजार वर्षांपूर्वीचं किरकोळ, असं कुणी ठरवलं?

कोरा_कागद

'सहमत' लिहिणाऱ्यांत मी होतो. अजूनही आहे.

बाई, फोडलेला दगड भिंतीत आहे म्हणून ती भिंत पवित्र, हे काही पटत नाही. फोडला कुणी? याच गावकऱ्यांनी. बाहेरच्या वर्तुळात शंभराच्या आसपास दगड होते, आज बहुतेक नाहीत. स्टुकली या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने १७२० च्या दशकात डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय : खड्डा खणायचा, दगड आडवा पाडायचा, खाली गवत पेटवायचं, तापला की गार पाण्याची रेघ ओढायची आणि घणाचे घाव. एका घरासाठी, एका कुंपणासाठी. आणि त्या चोरीच्या मालाला आता वारसा म्हणायचं?

पाथरवट

कागद, आमची चार पिढ्यांची दगडफोड. उगाच कुणी दगड फोडत नाही. शेतात नांगर अडतो, डोक्यावर छप्पर नसतं. 'चोरी' हा शब्द मागे घ्या.

कोरा_कागद

बरं, शब्द मागे घेतो. मुद्दा नाही घेत. केलरचं नाव दगडफूल यांनी घेतलंच नाही, ते का? मार्मालेडच्या धंद्यातला पैसा स्वतःच्या खिशातून घालून त्या माणसाने १९३७ ते १९३९ इथे उत्खनन केलं. मध्ययुगात गावकऱ्यांनी जमिनीत पुरलेले दगड काढून पुन्हा उभे केले, जिथे दगड उरला नाही तिथे काँक्रीटच्या खुणा बसवल्या. त्यासाठी घरं पाडलीच की त्याने! ती पाडली नसती तर तुम्हाला अकरा वर्षांत बघायला काय मिळालं असतं? चार दगड आणि कोंबड्यांची खुराडी.

दगडफूल

केलर नसता तर आज दिसतं ते वर्तुळ दिसलं नसतं. हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य. १९३८ साली त्याने उचललेल्या एका दगडाखाली चौदाव्या शतकातल्या माणसाचा सांगाडा निघाला, जवळ कात्री आणि नाणी. दगड पुरणाऱ्यांच्या काळातला माणूस! ते वाचून मी संग्रहालयात बराच वेळ नुसती उभी होते.

पण ज्यांची घरं गेली त्यांना शेजारच्या एव्हबरी ट्रस्लोला नवी घरं मिळाली, एवढ्यावर हिशेब मिटतो का? पिढ्यानपिढ्यांच्या चुलीची जागा ती. त्याउलट जॉन लबक या इंग्रज बँकर-खासदाराचं बघा. १८७१ मध्ये वर्तुळाच्या आतले प्लॉट घरांसाठी विकले जात होते. त्याने ते विकत घेतले आणि लोकांना बाहेर दुसरी जागा दिली. घर उभं राहण्याआधी. हा फरक मोठा आहे.

वाड्याचा_वारस

लबकचं नाव निघालंच आहे तर ऐका. त्याच्याच प्रयत्नाने १८८२ ला इंग्लंडात पुरातन वास्तूंचा कायदा झाला, कर्झनने १९०४ ला आपल्याकडे आणला, आणि आज त्याच्या नातवंडांनी आमचं घर धरून ठेवलंय. संरक्षित वास्तूपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, ९० मीटरवर. आजोबांच्या आजोबांनी बांधलेलं. आढं मोडलं तेव्हा दुरुस्तीची परवानगी मागितली. दोन पावसाळे गेले. एका टेबलावरून दुसऱ्यावर. आई त्या दोन पावसाळ्यांत उशाशी बादली ठेवून झोपली.

गडवाट

वाईट वाटलं वाचून. पण हा नियम नसता तर तुमच्या किल्ल्याच्या दाराशी आज लॉज उभं असतं. मी दर महिन्याला गडावर जातो, काय चाललंय ते बघतो. थोडी गैरसोय सोसावी लागते.

वाड्याचा_वारस

गैरसोय? तुमच्या आईच्या उशाशी बादली नव्हती. तुम्ही रविवारी येता, फोटो काढता, आमच्या ओट्यावर बसून पाणी पिता आणि घरी जाऊन गच्चीखाली कोरडे झोपता. किल्ल्याच्या भिंतीत वड उगवला तेव्हा माझ्या बापाने तो दोरी लावून काढला, कुठल्या कार्यालयाने नाही. आम्ही राखला म्हणून तो तुम्हाला बघायला उरला.

गडवाट

आवाज चढवू नका. सगळे गडकरी असे राखणारे नसतात. आमच्याकडच्या तटाचे चिरे गोठ्यात बसवलेले मी स्वतः पाहिलेत.

पाथरवट

पुन्हा तेच. गोठ्यातला चिरा निदान दिसतो तरी!

दगडफूल

दोघांनाही विनंती, आयांवरून भांडू नका. वारस, तुमची बादली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. इथे माझी एक सहकारी वारसा म्हणून नोंदणीकृत जुन्या घरात राहते. कुजलेली खिडकी बदलायला तिलाही परवानगी लागली, चौकटीच्या जाडीपर्यंत कागद रंगले. रडकुंडीला आली होती. पण उत्तर आलं, कसली खिडकी चालेल ते सांगणारं. नियम असावा, पण त्या घरात माणूस राहतो हे धरून असावा, एवढंच मी म्हणते आहे.

नागपुरी_संत्रं

कुणी जुनापाणीबद्दल का बोलत नाही? आमच्या काटोल रस्त्याला ३०० च्या आसपास शिलावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच खोदून पाहिली. त्याला युरोपातल्या दगडांशी साम्य वाटलं होतं. म्हणजे एव्हबरीवाले आणि आपले एकच लोक.

कोरा_कागद

नाही हो. जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली दफनं, आत लोखंडाच्या वस्तू आणि काळी-तांबडी भांडी. एव्हबरी त्याच्या दीड-दोन हजार वर्षं आधीचं. गोल मांडले म्हणून नातं जुळत नाही.

नागपुरी_संत्रं

नातं नसेल. पण मी शाळेत असताना तिथे बकऱ्या चरायच्या आणि आम्ही त्या दगडांवर बसून डबा खायचो. कुणी सांगितलंच नाही काय आहे ते. तिथे वस्ती असती तर निदान एखादी म्हातारी सांगायला असती.

कोरा_कागद

हे मात्र... असो. एव्हबरीजवळची सिलबरी टेकडी घ्या, तीही त्याच काळातल्या माणसांनी रचलेली. तिच्यावर घर नाही, माणूस नाही. १७७६ मध्ये माथ्यावरून विहिरीसारखा खड्डा, १८४९ मध्ये बोगदा, १९६८ मध्ये पुन्हा बोगदा, तोही तज्ज्ञांच्या हातून. २००० साली माथाच खचला, २००७ मध्ये आतून भरून काढावा लागला. तेव्हा नासाडी फक्त गावकरी करतात असं मी म्हणणार नाही.

घरं राहू द्या. पण रस्ता वळवा. उत्तरेकडच्या त्या प्रचंड दगडाला जवळजवळ खेटून ट्रक जातो, त्याचं समर्थन कुणी करू नये.

दगडफूल

रस्त्याबद्दल मी पहिल्या परिच्छेदापासून तुमच्याच बाजूला आहे. शनिवारी जाते आहे. पाथरवट, तो भाजलेला तुकडा जवळून टिपून आणते, घणाची खूण आहे का ते तुम्ही सांगा.

पाथरवट

उजेड तिरपा असताना काढा. सकाळी लवकर. खूण असेल तर तेव्हाच दिसते.