भटनागरांनी युद्धकाळात नेमकं काय केलं?

मृण्मयी_क:
लेकीला शाळेत शांतिस्वरूप भटनागरांवर बोलायचं आहे. त्यांच्या नावाचा विज्ञान पुरस्कार ठाऊक आहे, माणूस नाही. दुसऱ्या महायुद्धात ते सरकारी संशोधनाचे प्रमुख होते म्हणे. म्हणजे दारूगोळा का?

वार्निशवाला:
दारूगोळ्यापेक्षा टंचाई. युद्धामुळे बाहेरचा माल मिळेना, म्हणून एप्रिल 1940 मध्ये सरकारने औद्योगिक संशोधन मंडळ नेमलं. भटनागर लाहोरची प्रोफेसरकी सोडून या कामासाठी कलकत्त्याला अलीपूरच्या टेस्ट हाउसमध्ये, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत, आले. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या कापडाचं वार्निश, वनस्पती तेलांपासून इंधन आणि वंगण, न फुटणारे डबे, टाकाऊ मालापासून प्लास्टिक, अशी कामं तिथे झाली. माझी सगळी नोकरी रंग-वार्निशच्या कारखान्यात गेली. आहे त्या मालात भागवून दर्जा टिकवणं किती अवघड असतं ते मी जाणतो, म्हणून या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

पण भाषणात खनिज तेल काढणाऱ्या 'अटक ऑइल' कंपनीची गोष्ट घ्याच. ती युद्धाच्या बरीच आधीची. तेलविहीर खणताना चिखल आत सोडतात. खाली खारं पाणी लागलं की तो घट्ट व्हायचा आणि काम अडायचं. मातीच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. मिठाने ते दूर सारणं कमी पडतं आणि कणांच्या गुठळ्या होतात. भटनागरांनी चिखलात आपला देशी डिंक मिसळला. डिंकाचा थर कणांवर बसतो, मग मीठ त्यांना एकत्र आणू शकत नाही.

लेकीला करून दाखवता येईल. दोन ग्लासांत शाडू कालवलेलं पाणी घ्या, एकात डिंकाचं पाणी चांगलं ढवळा, मग दोन्हींत मीठ. बिनडिंकाचं आधी निवळेल.

सह्याद्री_पुणे:
सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, हीही युद्धातच उभी राहिली, 26 सप्टेंबर 1942 ला. तिच्या पुण्यातल्या पाषाणच्या एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) उद्घाटन 3 जानेवारी 1950 ला नेहरूंच्या हस्ते झालं. पहिले संचालक मॅकबेन, तेही भटनागरांसारखे कलिल रसायनाचेच, म्हणजे चिखलासारख्या द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या अभ्यासाचे.

मृण्मयी_क:
काका, डिंकाचा प्रयोग नक्की करतो. त्या शोधाचे त्यांना पैसे मिळाले का?

वार्निशवाला:
अटक ऑइलशी संबंधित स्टील ब्रदर्स कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले होते. स्वतः न घेता भटनागरांनी ते विद्यापीठाला द्यायला लावले आणि लाहोरला पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू केला. त्या काळचे दीड लाख! हे लेकीला ठासून सांगायला सांगा.