टेराकोटाचे दर्शनी भाग: बांधकाम की नुसता पेहराव?

धागाकर्ता: उंच इमारतींवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना टेराकोटाचे पॅनेल टांगायचे आणि तिला 'मातीशी नाते सांगणारी वास्तू' म्हणायचे, हे मला पटत नाही. साधारण हजार अंश तापमानाला भाजलेली ही माती तिथे कसलाच भार पेलत नाही. बंगालमधल्या बिष्णुपूरला मल्ल राजांनी भाजलेल्या मातीची देवळे बांधली ती दगडाची वानवा होती म्हणून. तिथल्या १६५५च्या जोडबांगला मंदिरात माती हीच वास्तू आहे.

प्रतिसाद १: उदाहरण आपल्याच विरोधात जाते. तिथेही भार विटांची भिंत पेलते. रामायणातील प्रसंगांचे फलक वेगळे घडवून, भाजून मग त्या भिंतीत बसवलेले आहेत. पेहराव म्हणायचे तर तोही पेहरावच! लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम (१८८१) पाहा. अल्फ्रेड वॉटरहाउस यांनी ते आतून-बाहेरून टेराकोटाने मढवले, कारण कोळशाच्या काजळीपुढे तो टिकेल असा भरवसा होता. शिवाय साच्यातून प्राणी घडवता आले: पूर्वेच्या भागात नामशेष झालेले, पश्चिमेच्या भागात हयात असलेले.

प्रतिसाद २: सौंदर्याबद्दल वाद नाही, प्रश्न पाण्याचा आहे. न्यूयॉर्कच्या वूलवर्थ इमारतीत (१९१३) सांध्यांतून पाणी आत शिरले, टेराकोटाचे तुकडे धरून ठेवणारे लोखंड गंजले, आणि गंजलेले लोखंड फुगते म्हणून तुकडे तडकले. पुढे दुरुस्तीत सुमारे २६,००० तुकडे काढून त्यांच्या जागी मुख्यतः काँक्रीटचे बसवावे लागले. बाहेरून झिलई शाबूत दिसत असताना आत काय चालले आहे, हे कळत नाही.

प्रतिसाद १: तो दोष मातीचा नव्हे, पाणी कोंडून ठेवणाऱ्या रचनेचा. आजच्या पद्धतीत पॅनेलमागे हवेची पोकळी असते, शिरलेले पाणी खाली निथळून जाते आणि फुटलेले पॅनेल एकेक करून बदलता येते. धागाकर्त्यांना खटकणारी टांगणी नेमकी याचसाठी आहे.

धागाकर्ता: पाण्याचा मुद्दा मान्य, 'मातीशी नाते' नाही. आणि बदलायचे पॅनेल आणायचे कुठून? भाजताना माती आकसते, त्यामुळे मापात फरक पडतो. भट्टीची आच थोडी बदलली तरी रंग बदलतो. मूळ खेपेतील जादा पॅनेल राखून ठेवण्याची अट करारात घातली नाही, तर पहिल्याच दुरुस्तीनंतर भिंतीवर ठिगळ दिसेल.

प्रतिसाद २: अट हवीच, पण गच्चीवरून दोर सोडून दर काही वर्षांनी पट्ट्या आणि खुंट्या तपासण्याची तरतूदही त्याच कलमात हवी.