डिसेंबरचा सुपरमून अलिबागहून: २३ ला बघायचा की २४ ला?

सागरगोटा:
कॅलेंडरात दत्तजयंती २३ डिसेंबर २०२६ ला आहे आणि सुपरमून (पृथ्वीच्या जवळ आलेला पूर्ण चंद्र) २४ ला म्हणतात. मुक्काम अलिबागला. किनाऱ्यावर कधी उभं राहायचं? मोबाइलच्या फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो, त्यावर काही उपाय? आणि त्या दिवशी भूकंप, त्सुनामी, झोप उडणे वगैरे फॉरवर्ड येतात, त्यात तथ्य किती?

उपभू:
दोन्ही संध्याकाळी समुद्राकडे पाठ करावी लागेल, कारण चंद्र पूर्वेला, डोंगरांच्या बाजूने उगवणार. खरा देखावा २४ च्या पहाटेचा. पौर्णिमा पूर्ण होते सकाळी ६.५८ ला, म्हणजे चंद्र समुद्रात मावळताना अगदी भरलेला असेल. साडेसहालाच जाऊन उभे राहा. क्षितिजावर धुरकट थर असला तर चंद्र पाण्याला टेकण्याआधीच दिसेनासा होतो. डिसेंबरचा पूर्ण चंद्र नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या बराच उजवीकडे बघा.

अंतर सुमारे ३,५६,७०० किमी. वर्षातल्या सर्वांत लहान पूर्ण चंद्रापेक्षा १४ टक्के मोठा हे खरं, पण तो शेजारी नसल्याने डोळ्याला फरक कळणं अवघडच. क्षितिजाजवळ 'केवढा मोठा' वाटतो तो भास. कागदाची नळी करून तिच्यातून बघा, लगेच नेहमीएवढा होतो.

तिपाई:
पांढरा ठिपका येतो कारण फोन काळं आकाश मोजून प्रकाश वाढवतो. चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि प्रकाश कमी-जास्त करायचं सूर्याचं चिन्ह चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत खाली ओढा. नाइट मोड बंद. डिजिटल झूमचा उपयोग शून्य, दुर्बिणीच्या भिंगाला फोन टेकवलेला बरा.

कॅमेरा असेल तर चंद्र वर असताना एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० पासून सुरुवात; मावळतीला तो मंद होतो, तेव्हा शटर १/२५ किंवा त्याहून हळू. सेन्सरवर चंद्राचं चित्र फोकल लेंग्थ भागिले ११० एवढंच पडतं, म्हणजे २०० मिमी लेन्सवर जेमतेम १.८ मिमी. तिपाईवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबल्याचा धक्का फोटोत उतरतो.

पाऊणपट:
फॉरवर्डमधलं उधाण तेवढं खरं. भरतीचं बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, त्यामुळे चंद्राचा वाटा सरासरीपेक्षा साधारण २५ टक्के जास्त. सर्वांत मोठं पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला १५ × ३/४ = ११.२५, म्हणजे सव्वाअकराला भरती, प्रतिपदेला पाऊण वाजता (पावणेएक). ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. २४ च्या पहाटे त्यामुळे ओहोटी असेल आणि पाणी खूप मागे गेलेलं दिसेल. चंद्र बघता बघता किल्ल्याकडे चालत निघायचा मोह होतो तो इथेच. उधाणाचं पाणी जितकं लांब जातं तितकंच वेगाने परत येतं. त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघितल्याशिवाय जाऊ नका.

त्सुनामीचं म्हणाल तर २६ डिसेंबर २००४ ला पौर्णिमा होती खरी, पण चंद्र तेव्हा पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत लांब होता! जपानचा भूकंप ११ मार्च २०११ चा, सुपरमून १९ मार्चला. झोपेवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. खिडकीतून उजेड येत असेल तर जाड पडदा लावा.

सागरगोटा:
म्हणजे २४ ला पहाटे साडेसहा, आणि किल्ल्याकडे जायचं नाही. टाचांपर्यंत पाणी असेल तरी?

पाऊणपट:
जाताना टाचांपर्यंत असतं. येताना किती असेल ते तक्त्यात बघा.